पितळी कळसाची साक्ष

आमच्या घरात लग्न असो नाहीतर बारसं, पंगती उठल्या, विड्याची पानं लावून झाली, की कुणीतरी टोकतंच, "दत्तूकाका, ती कोर्टाची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी आढेवेढे घेतो. ते संपेपर्यंत पुतण्यांनी सतरंजी अंथरलेली असते. माझी बायको मंदा तेवढ्यात भांडी आवरायला आत निघून जाते. दर खेपेला गोष्ट थोडी थोडी वाढते असं तिचं म्हणणं आहे. म्हणून यंदा या दिवाळी अंकासाठी लिहूनच काढतो. लिहिलेली गोष्ट मला वाढवता येणार नाही आणि मंदाला तपासता येईल.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी टर्नर. पेन्सिल शार्पनरमध्ये घालून फिरवतात ना, तसलंच काम. फक्त आमची पेन्सिल लोखंडाची. ती लेथ मशीनवर गरागरा फिरते आणि पातं, म्हणजे टूल, आम्ही तिच्या अंगाला लावतो. टूल पुढंमागं सरकवायला दोन मुठी असतात, एकेका हाताला एकेक. हात सारखा चालला तर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आरशासारखा निघतो. मध्येच थांबला, तर थांबला तिथं वळं उठतं. मग तुम्ही किती का मोठे टर्नर असा, धातू कुणाची भीड धरत नाही.

कंपनी आमची चिंचवडच्या पलीकडं, जिथं पूर्वी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची बाजरी व्हायची त्या पट्ट्यात उभी राहिली. माझं मशीन आमच्या विहिरीवर आहे असं मी गमतीनं सांगायचो. आबा हसायचे नाहीत.

आमच्या खात्यात एक रीत होती. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो तसे आम्ही मशीन पुजायचो. त्या दिवशी कंपनीचं फाटक बायकापोरांनाही उघडं. मशीन पुसून, झेंडूची माळ घालून, नारळ फोडून झाला की ज्याचं मशीन त्यानं त्यावर पितळेचा एक छोटा कळस काढायचा. माप नाही, ड्रॉइंग नाही. दोन्ही मुठी एकदम फिरवत नुसत्या हाताच्या अंदाजानं गोलाई आणायची. तो कळस वर्षभर मशीनवर बसायचा. जुना घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा. आणि कळस ज्याचा त्यानंच काढायचा, दुसऱ्याचा हात लागला तर मशीन वर्षभर रुसतं, अशी पक्की समजूत. शिकलेल्यांना हसू येईल, पण येणारे-जाणारे आधी मशीनवरचा कळस बघायचे आणि मग माणसाशी बोलायचे. कळस म्हणजे आमची अब्रू होती. माझा कळस बघायला शेजारच्या खात्यातून लोक यायचे. हे वाक्य मंदा खोडणार, पण खरं आहे.

शेजारच्या मशीनवर यशवंत कांबळे. त्याच्या घरी बुद्धवंदना, तो पूजेत नसायचा, पण मशीन आमच्या सगळ्यांहून लख्ख पुसायचा आणि कळस काढायला पहिला. "देव तुमचा, राव. पितळ सगळ्यांचं," म्हणायचा. आणि आमच्यावर सोमण फोरमन. पुण्याच्या पेठेतला माणूस, शब्द मोजून वापरणारा. जॉब हातात घ्यायचे, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायचे, परत ठेवायचे. परत ठेवला म्हणजे पास. तोंडानं "चांगला" म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मला ताप राहिला. छातीत कळ. कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "पाणी आहे." मला वाटलं कुठे गळतंय. छातीत पाणी झालं होतं. ते मोठ्या सुईनं काढलं, पुढं औषधं आणि सक्त विश्रांती. पंधरवड्याला दवाखान्याचं सर्टिफिकेट कंपनीत जायचं. बाजेवरून मोरीपर्यंत गेलो की मी म्हशीसारखा धापा टाकायचो.

आणि खंडेनवमी आली.

मंदा म्हणाली, "अहो, यंदा कांबळेभाऊजी करतील तुमच्या मशीनची पूजा."

मी म्हटलं, "पूजा करेल. कळस कोण काढणार?"

"नाही काढला एक वर्ष, तर काय मशीन माहेरी जाईल?"

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "जाऊ दे त्याला. नांगर दुसऱ्यानं पुजला का बैल वळखत न्हाईत."

झालं. गळ्याभोवती मफलर गुंडाळून मी यशवंताच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून गेलो. फाटकावर सगळे "या, या" म्हणाले. माळ घातली, नारळ फोडला. तो दुसऱ्या दणक्याला फुटला, तिथंच समजायला हवं होतं. मग पितळेचा तुकडा चकात, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरला आणि मशीन चालू केलं. निम्म्यावर खोकला आला. टूल मागं घेतलं, दम घेतला, परत लावलं. पुन्हा तेच. सोमणसाहेब मागं येऊन उभे होते. म्हणाले, "राहू दे रे, दत्तू." मी नाही ऐकलं. कसाबसा कळस निघाला. झगमगला मात्र खूप, कारण पितळ आहे, ते कसंही कापलं तरी झगमगतंच. तेवढ्यात कंपनीनं पूजेसाठी बोलावलेला फोटोवाला आला. मशीनवर एक हात, दुसऱ्या हातात कळस. "हसा," म्हणाला. मी हसलो. छाती काढून हसलो. त्या वेळी छातीत काय होतं ते माझं मला माहीत.

कंपनीत पर्सोनेलला, म्हणजे कामगारांची हजेरी-रजा बघणाऱ्या खात्याला, नवे साहेब आले होते. आजारपणाच्या रजेवरची माणसं कमी करायची हे त्यांनी मनावर घेतलं होतं. तो फोटो त्यांच्या टेबलावर गेला. दिवाळी तोंडावर आली असताना घरी रजिस्टर पत्र आलं. आजाराचं सोंग करून रजा घेतली, कंपनीची फसवणूक केली, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. चौकशी नाही, विचारणा नाही. त्या पत्राशेजारीच औषधाच्या बाटल्या होत्या. मंदा कडबोळी तळत होती. तिनं पत्र ऐकलं, गॅस बंद केला आणि अर्धी कडबोळी तशीच राहिली. मुलांनी ती कच्चीच खाल्ली.

युनियनचे ओक वकील शिवाजीनगरला बसायचे. किडकिडीत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विम्याच्या आजारपणाच्या रजेत असलेल्या माणसाला काढता येत नाही. कायदा तुमच्या बाजूनं आहे."

मी म्हटलं, "मग झालंच की."

"काही झालं नाही. ते म्हणणार, आजारच खोटा. आजार खोटा तर कायदा लागू नाही. फोटोत तुम्ही मशीन चालवताय. हसताय."

"हसा म्हणाला तो."

"वर चांगले दिसताय," ओक वकील फोटोकडं बघत म्हणाले. आयुष्यात माझा तेवढा एकच फोटो चांगला आला.

विम्याच्या डॉक्टरांची बदली लांब झाली होती. पाणी काढल्यानंतरच्या एक्स-रेत फारसं दिसत नव्हतं, आणि आधीच्या एक्स-रेवर कंपनीचं म्हणणं तयार, की तेव्हा असेल, खंडेनवमीला बरा होता. म्हणजे सगळा खेळ त्या एका दिवसावर आला. त्या दिवशी मी आजारी होतो की नव्हतो.

कंपनीनं निरोपही पाठवला. राजीनामा लिहून दे, काही रक्कम घे, केस मागं घे. मी डळमळलो, खोटं कशाला सांगू. कारण एक गोष्ट तेव्हा पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत प्रत्येक फाटकाला ठाऊक होती. ज्यानं एका कंपनीवर केस केली त्याला दुसरी कंपनी घेत नाही. आणि सोंग करतो म्हणून काढलेल्याला तर कुणीच घेत नाही. हरलो असतो तर टर्नर म्हणून माझं संपलं होतं. मंदा शेजारपाजारच्या ब्लाउजांवर घर ओढत होती. रात्री तिच्या शिलाई मशीनची खडखड थांबली की मला भीती वाटायची, काम संपलं का ही दमली.

आबांना विचारलं. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "जमिनीची नोटीस आली तवा लोक म्हनले, कोर्टात जाऊ. आमी गेलो न्हाई. सरकारशी कोन भांडनार, म्हनलं. आता रोज कंपनीच्या त्या भिंतीकडं बघतो." तंबाखू तोंडात टाकली. "तू जा."

गेलो.

कामगार न्यायालय म्हणजे सिनेमातलं कोर्ट नव्हे. एक खोली, वर किरकिरणारा पंखा, बाकांवर आमच्यासारखेच डबे घेऊन आलेले लोक. तारखा पडत गेल्या. शेवटी माझी साक्ष आली. दुसऱ्या पाळीची पोरं सकाळची झोप टाकून ऐकायला आली. यशवंत पुढच्याच बाकावर होता.

कंपनीचे वकील गोड बोलणारे. त्यांनी आधी फोटो दाखवला, मी कबूल झालो. मग त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझा कळस. कंपनीनंच मशीनवरून उचलून पुरावा म्हणून आणला होता.

"हा तुम्ही केलात?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"कुणाची मदत?"

"आमच्यात मदत घेत नाहीत."

त्यांनी कळस न्यायाधीशांकडं वळवला. खिडकीतल्या उजेडात तो नुसता झळकत होता. "इतकी सुबक वस्तू. चांगला झालाय, नाही?"

वाचकहो, इथं मी "नाही" म्हणायचं होतं. एवढंच. वळी उठलीत, गोलाई फसलीय, हात थांबत होता, असं म्हटलं असतं तर तिथंच निम्मी केस फिरली असती. ओक वकील माझ्याकडं टक लावून बघत होते. पण समोर दोन बाक भरून टर्नर बसले होते. त्यांच्यासमोर, माझ्या हातचा कळस, भर कोर्टात, वाईट म्हणायचा? जीभ वळेना.

"चांगला आहे," मी म्हटलं.

बाकांवर कुणीतरी खोकलं. कंपनीचे वकील हसून खाली बसले.

बाहेर आल्यावर ओक वकिलांनी फाइल काखेत मारली. मग म्हणाले, "तुम्हाला नोकरी पाहिजे की शाबासकी?"

यशवंत म्हणाला, "राव, तो कळस डोळे झाकून बघितला तरी वाकडा दिसतो. आणि तू चांगला म्हणतोस?"

"तुम्ही सगळे बसला होता ना समोर."

"आम्ही रोज बघत होतो तो मशीनवर. लाज वाटून मी त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं होतं, भावा."

मंदाला मी घरी खरं सांगितलं. तिनं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "आता तुम्ही साक्षीत बोललात ते बोललात. दुसरं कोण सांगणार, ते वाईट आहे म्हणून?"

यशवंत माझा दोस्त, त्याचं म्हणणं कोर्ट धरणार नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो कंपनीचा साक्षीदार म्हणून येणार होता. सोमणसाहेब. त्यांच्याकडून काय वदवून घ्यायचं ठरलं होतं ते यशवंताला खात्यात कळलं होतं. दत्तू आपल्या पायानं आला, हसला, पेढा खाल्ला, कळस काढला. ह्यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती, राहायला कंपनीचं घर, मुलगा अजून कुठं लागायचा होता. चिंचवडच्या बाजारात ते मला समोरून येताना दिसले आणि वाट वाकडी करून भाजीच्या गाड्यामागं गेले. मी त्यांना दोष दिला नाही. मीही दुसरीकडं बघितलं, त्यांना जायला सोपं जावं म्हणून.

त्यांच्या साक्षीच्या दिवशी मंदाही आली. पहिल्यांदाच. साहेब इस्त्रीच्या शर्टात, कोणाकडं न बघता पिंजऱ्यात उभे राहिले. कंपनीच्या वकिलांनी भराभर विचारलं आणि त्यांनी भराभर सांगितलं. आला होता? हो. हसत होता? हो. कळस त्यानंच काढला? हो. पंखा किरकिरत होता. प्रत्येक "हो"गणिक मी बाकावर थोडा खाली सरकत होतो.

ओक वकील उठले. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न वकील विचारत नाही म्हणतात. त्या दिवशी त्यांच्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता. त्यांनी कळस उचलून साहेबांच्या हातात दिला.

"कामगार स्वतः शपथेवर म्हणालाय की हा चांगला झालाय. तुमचं काय मत?"

साहेबांनी चष्मा लावला. खिशातून रुमाल काढून कळस पुसला. खिडकीकडं धरला. मग अंगठ्याचं नख त्यावरून सावकाश फिरवलं, खालून वर. एका जागी थांबले. पुन्हा तिथूनच फिरवलं. मी हजार वेळा बघितलेलं ते नख, पण त्या दिवशी ते माझ्या बरगड्यांवरून फिरत होतं. कंपनीचे पर्सोनेलचे साहेब पुढच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडंच बघत होते. सोमणसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. केस उभी राहिल्यापासून पहिल्यांदा.

"खोटं बोलतोय तो," साहेब म्हणाले.

कंपनीचे वकील मान डोलवायच्या बेतात होते.

"हा चांगला नाही. माझ्या खात्यात हा पास झाला नसता." त्यांनी कळस न्यायाधीशांपुढं धरला. "इथं हात थांबलाय. इथं टूल मागं घेऊन परत लावलंय. इथं पुन्हा. नख फिरवून बघा. ह्या माणसाचा हात असा थांबत नाही. त्याला धाप लागली होती. मी मागं उभा होतो, राहू दे म्हटलं, त्यानं ऐकलं नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "सांगायला हवं होतं," म्हणाले. मग म्हणाले, "गेल्या वर्षीचा त्याच्या घरी असेल. तो शेजारी ठेवून बघा."

पुढच्या तारखेला मंदा देव्हाऱ्यातला कळस घेऊन आली, हळदकुंकवासकट. देवाची वस्तू कोर्टात नेली म्हणून ती मला वाटभर बोलत होती. न्यायाधीशांनी दोन्ही कळस टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी आपलं नख एकावरून फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं, परत पहिल्यावरून. मी मान खाली घातली. जिंकायला लागलोय हे कळत होतं आणि लाजही वाटत होती.

निकाल माझ्या बाजूनं लागला. आजार खरा होता, रजेत असताना काढणं बेकायदा, कामावर परत घ्या. फाटकातून आत गेलो तेव्हा यशवंतानं माझं मशीन पुसून ठेवलं होतं. कळसाच्या जागी काहीच नव्हतं.

पण खात्यात सोमणसाहेबही नव्हते. त्यांना कंपनीच्या मागच्या अंगाला भंगाराच्या यार्डात बसवलं होतं, वजनं करून घ्यायला. निवृत्तीपर्यंत तिथंच. जेवणाच्या सुट्टीत मी गेलो. गंजलेल्या लोखंडाच्या ढिगापाशी, स्टुलावर, तसाच इस्त्रीचा शर्ट.

"साहेब, माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे नाही," ते म्हणाले. "मी ठरवून आलो होतो, तीन हो म्हणायचे आणि घरी जायचं. म्हटले पण." त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. "पण तू त्या जॉबला चांगला म्हणालास. वाईट जॉब पास होताना बघवत नाही रे मला."

गोष्ट सांगताना लोक इथं हसतात, मीही हसवतो, पण त्या स्टुलावर बसवायला मी कारण झालो हे काही हसण्यावारी जात नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी कळस काढला आणि मशीनवर ठेवायच्या आधी यार्डात घेऊन गेलो. साहेबांनी नख फिरवलं, खालून वर, कुठं न थांबता. माझ्या हातात परत ठेवला.

ओक वकील म्हणाले होते, अर्ज केला तर कोर्टातला कळस परत मिळेल. देव्हाऱ्यातला आम्ही आणला, तो मात्र राहिला. अर्ज करू का म्हणून मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "रिजेक्ट जॉब परत लाईनवर आणत नसतात." म्हणून तो तिथंच आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून गेलेले जॉब कुठल्या कुठल्या इंजिनांत फिरत असतील, एकावरही माझं नाव नाही. पुरावा म्हणून कोर्टानं माझ्या नावाची चिठ्ठी बांधलेला तेवढा एकच.

हे लिहून झाल्यावर मंदाला तपासायला दिलं. चष्मा लावून तिनं शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, निम्मं खोडणार. तिनं एकाच ठिकाणी बोट ठेवलं.

"एवढा काही वाईट नव्हता हो तो कळस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "होता."